भुलवणे निराळे, फसवणे निराळे

गेल्या कार्तिकात अंत्रुज महालातील एका देवस्थानाच्या सभामंडपात आम्ही एक व्याख्यान ऐकले. वक्ते बहुश्रुत, वाणी ओघवती आणि मंडप भरलेला. बोलता बोलता वक्त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली व तीवरून यहुद्यांच्या यिर्मया नामक संदेष्ट्याच्या ग्रंथातील, विसाव्या अध्यायातील सातव्या वचनाचा अर्थ सांगितला. अर्थ त्यांनी इंग्रजीवरून केलेला होता. देवाने आपणास फसवले आणि आपण फसलो, असे तो संदेष्टा देवाच्या तोंडावर म्हणतो, एवढेच त्यांनी त्यातून घेतले. मग क्षणभर थांबून ते म्हणाले, ज्यांचा देव स्वतःच्या भक्तालाच फसवतो, त्यांनी आमच्या श्रीकृष्णास कपटी म्हणावे काय? टाळ्यांनी मंडप दणाणला. आम्ही मात्र हात जोडून स्वस्थ बसलो होतो. शेजारी बसलेल्या एका वयोवृद्ध महाजनांनी उत्सव संपल्यावर आम्हांस गाठले आणि विचारले, तुम्ही टाळी का नाही वाजवली? ओसरीवर उभ्या उभ्या दोन वाक्यांत देता येईल असे ते उत्तर नव्हते. ते येथे देत आहो.

प्रथम एक गोष्ट मोकळेपणे मान्य करू. वक्त्यांच्या रागाला कारण आहे, आणि ते कारण आमच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. सोळाव्या शतकात साष्टी, बारदेश आणि तिसवाडीतील देवळे पाडली गेली. श्रीमंगेश कुशस्थळीहून आणि श्रीशांतादुर्गा केळशीहून अंत्रुजात आली, ती हौसेने आली नाहीत. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले आणि मधली थोडी वर्षे सोडता ते १८१२ पर्यंत चालले. ज्या समाजाने हे सोसले त्याच्या वंशजांनी परधर्मीयांच्या ग्रंथाकडे कठोर नजरेने पाहिले तर त्यांस कोणी दोष देऊ नये.

परंतु नेम धरताना समोर कोण आहे ते पाहावयास हवे की नको? यिर्मया पोर्तुगीज नव्हता, पाद्रीही नव्हता. तो यहुदी होता, येशू ख्रिस्ताच्या सहा शतके आधीचा. आणि ज्या न्यायासनाने आम्हांस छळले त्याने या ग्रंथाच्या मूळ धन्यांना तर जिवंत जाळले. १५६३ साली गोव्यातच आपला औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता हा बळाने बाटवलेल्या यहुदी कुळातला. त्याची बहीण कातारीना हिला १५६९ साली याच गोव्यात जाळण्यात आले. तो स्वतः मरून गेल्यावर, १५८० साली, त्याची हाडे उकरून जाळली. तेव्हा पाद्र्यांवरचा राग यिर्मयावर काढणे म्हणजे ज्याने आपल्याबरोबर मार खाल्ला त्यालाच आणखी एक चपराक मारणे होय.

दुसरी गोष्ट याहून बोचरी आहे. इतरांच्या ग्रंथातील एक वचन उचलावे, त्याचा मागचा-पुढचा संदर्भ कापावा आणि त्यावरून त्यांच्या देवाची अब्रू काढावी, ही विद्या आमची नव्हे. ती आमच्यावर चालवली गेलेली आहे. मुंबईत मोरभट दांडेकरांनी हिंदुधर्माची बाजू मांडल्यावर १८३२ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने त्यांस उत्तर म्हणून पुस्तक लिहिले. त्या काळच्या मिशनऱ्यांनी पुराणांतील देवांच्या कथा एकेक करून, संदर्भावाचून, चव्हाट्यावर मांडल्या होत्या. आमच्या शास्त्र्यांचे तेव्हाचे म्हणणे हेच की, बाबांनो, मूळ भाषा शिका, कथा सबंध वाचा, मग बोला. ते म्हणणे तेव्हा योग्य होते आणि आजही योग्य आहे. मात्र ते दोन्ही बाजूंना लागू आहे. गंमत अशी की ज्या १८३२ साली विल्सनने तो खंडनग्रंथ लिहिला, त्याच साली त्याने कोकणच्या बेने इस्राएलांसाठी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहिले. मराठी बोलणारे, अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूचे हे यहुदी पुढे एकोणिसाव्या शतकात आपल्या पूर्वजांच्या कथांवर मराठीत कीर्तनेसुद्धा करू लागले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळावरून केलेले सबंध बायबलाचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. म्हणजे मराठी माणसाला हिब्रूची वाट जवळजवळ दोनशे वर्षे मोकळी आहे. असे असता आमचे वक्ते इंग्रजी चिठ्ठीवर अडले, हे आम्हांस नडले.

आता शब्दाकडे वळू. यिर्मयाच्या वचनातील क्रियापद ‘पित्ता’ हे आहे. हिब्रूत धातू बहुधा तीन व्यंजनांचे असतात. याची व्यंजने पे, ताव आणि हे. साध्या रूपात त्याचा अर्थ भोळे असणे, भुलणे. द्वित्त केलेल्या, जोरदार रूपात भुलवणे. आमच्या ‘भुलणे’ आणि ‘भुलवणे’ या जोडीसारखीच ही जोडी आहे. याच धातूपासून ‘पेती’ हे विशेषण निघते. पेती म्हणजे भोळा, अननुभवी, ज्याच्या मनाचे दार सताड उघडे आहे असा. नीतिसूत्रांच्या ग्रंथात हा पेती पानोपानी भेटतो. कोणी काही सांगितले की त्याचा विश्वास बसतो, आणि त्याच्या उलट जो शहाणा तो पाऊल टाकण्यापूर्वी वाट पाहतो, असे चौदाव्या अध्यायात त्याचे वर्णन आहे. परंतु हा शब्द केवळ हेटाळणीचा नाही. एकशे सोळाव्या स्तोत्रात देव हा पेतींचा, म्हणजे भोळ्यांचा, रक्षक म्हटला आहे. ज्यांनी ‘भोळा भाव’ हे शब्द लहानपणापासून देवळात ऐकले आहेत, त्यांना यात परके काही वाटू नये.

मूळ अर्थ ‘रुंद, मोकळे असणे’ असावा, असे पुष्कळ पंडित म्हणतात. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा आपल्या याफेथ या मुलाला आशीर्वाद देतो, तेथे याच व्यंजनांचे क्रियापद ‘विस्तार करो’ या अर्थी आले आहे. हा धातू तोच की ध्वनीने सारखा दुसरा, यावर एकमत नाही. आम्हीही त्यावर मदार ठेवीत नाही. व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवण्याची खोड किती घातक, हे जेम्स बार या पंडिताने १९६१ साली बायबलच्या भाषेवरील आपल्या पुस्तकात चांगले दाखवून दिले आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या कुळावरून ठरत नाही, वापरावरून ठरतो. (आमच्या एका मित्राने तर ‘पाता’ आणि आमच्या कोंकणीतील ‘फट’ यांचे नाते जोडण्याचा उत्साह दाखवला होता. त्यांस आम्ही चहा पाजून परत पाठवले.) तेव्हा वापरच पाहू.

शास्त्यांच्या ग्रंथात शमशोनाची कथा आहे. तीत हे क्रियापद दोनदा, एकाच आज्ञार्थी रूपात येते: ‘पात्ती’, भुलव. प्रथम चौदाव्या अध्यायात पलिष्टी लोक त्याच्या नवऱ्या मुलीला सांगतात की नवऱ्याला भुलव आणि कोड्याचे उत्तर काढून घे, नाही तर तुला आणि तुझ्या बापाच्या घराला जाळू. ती काय करते? सात दिवस रडते. माझ्यावर तुझे प्रेम नाही, म्हणून रडते. सातव्या दिवशी तो सांगून टाकतो. पुढे सोळाव्या अध्यायात पलिष्ट्यांचे सरदार दलीलेला हेच सांगतात आणि प्रत्येकी अकराशे रुपे देऊ करतात. दलीला काय करते? ती सरळ विचारते की तुझे बळ कशात आहे आणि तुला कशाने बांधता येईल. यात खोटे एक अक्षर नाही. इतका उघड प्रश्न शत्रूच्या हेराने कधी विचारला नसेल. खोटे बोलतो तो शमशोन, आणि तेही तीनदा. ताज्या प्रत्यंचा, कोऱ्या दोऱ्या, केसांच्या बटा विणणे, ही तिन्ही उत्तरे खोटी. दलीला त्याला दोष देते तेव्हा तिच्या तोंडी लबाडीचा वेगळाच हिब्रू शब्द आहे, ‘केझाविम’. म्हणजे खोटे बोलणाऱ्यासाठी कथाकाराजवळ स्वतंत्र शब्द होता आणि तो त्याने नेमका जेथे हवा तेथे वापरला. दलीलेच्या कृत्याला त्याने ‘पित्ता’ म्हटले. विश्वासघात तिने केला, यात वाद नाही. पण ज्या क्रियेने केला ती खोटे सांगण्याची नव्हती, दुसऱ्याच्या मनाचे दार त्याच्याकडूनच उघडवून घेण्याची होती.

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातील कायदा पाहा. वाग्दान न झालेल्या कुमारिकेला कोणी ‘पित्ता’ करून तिच्याशी संग केला तर त्याने देज देऊन तिच्याशी लग्न करावे. बाप नाही म्हणाला तरी तितके रुपे मोजावे. जबरदस्तीसाठी अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात ‘धरणे’, ‘बळाने पकडणे’ अशी वेगळी क्रियापदे आहेत. म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘पित्ता’ हा बलात्कार नव्हे, आणि केवळ थापही नव्हे. ज्यात दुसऱ्याची संमती मिळवली जाते, पण ती मिळवण्याची रीत निर्मळ नसते, असा हा प्रकार. दुसऱ्या टोकाला नीतिसूत्रांचा पंचविसावा अध्याय. तेथे अधिपतीचे मन धीराने वळवता येते असे म्हणताना हेच क्रियापद आले आहे. त्यात कपटाचा वासही नाही.

ईयोबाच्या ग्रंथातील स्थळ आम्हांस सर्वांत आवडते, जरी ते आमच्या विरुद्ध जाणारे आहे. एकतिसाव्या अध्यायात ईयोब शपथेवर सांगतो की झळझळणारा सूर्य आणि ऐटीत चालणारा चंद्र पाहून आपले अंतःकरण गुपचूप भुलले नाही, त्यांच्याकडे पाहून आपण हाताचे चुंबन घेतले नाही. ज्यांनी आज सकाळीच सूर्याला अर्घ्य दिले असेल त्यांस हे खटकेल. खटकू द्या. परंतु शब्दाचा अर्थ यासारखा दुसरीकडे कोठे उजळत नाही. सूर्याने ईयोबाला कोणती थाप मारली असती? चंद्र कोणाला खोटे सांगतो? ते नुसते सुंदर आहेत. भुलते ते हृदय. खोटे बोलण्यास एकटा पुरेसा असतो. भुलण्या-भुलवण्यास मात्र दोन लागतात, आणि कधी कधी भुलवणाऱ्याला आपण भुलवतो आहो याचा पत्ताही नसतो.

होशेय हा संदेष्टा यिर्मयाच्याही आधीचा, इ. स. पू. आठव्या शतकातला. त्याच्या दुसऱ्या अध्यायात देव हा पती आणि इस्राएल ही त्याला सोडून गेलेली पत्नी आहे. आधी संताप, शिक्षेच्या धमक्या. आणि मग एकाएकी देव म्हणतो की मी तिला भुलवीन, रानात नेईन आणि तिच्या हृदयाशी बोलेन. क्रियापद तेच. पुढच्याच वचनात ‘आशेचे दार’ आहे. त्यातील दार या अर्थाचा ‘पेताह’ शब्द शेवटच्या अक्षराने निराळा असला तरी कानाला जवळचा आहे, आणि कवीला ते ठाऊक नव्हते असे आम्हांस वाटत नाही. याच ‘पेताह तिक्वा’ नावाची वसाहत यहुद्यांनी पॅलेस्टाइनात १८७८ साली वसवली. ज्या वक्त्यांनी यिर्मयातील ‘पित्ता’ चा अर्थ फसवणे असा केला, त्यांनी होशेयातही तोच करून दाखवावा. मी तिला फसवीन, रानात नेईन आणि तिच्या हृदयाशी बोलेन! असे वाक्य कोणत्याही भाषेत उभे राहत नाही.

येथवर आमची बाजू सोपी होती. आता अवघड स्थळे. ती लपवली तर आम्ही त्या चिठ्ठीवाल्या वक्त्यांहून निराळे कसे? अठ्ठ्याहत्तराव्या स्तोत्रात इस्राएल लोक तोंडाने देवाला ‘पित्ता’ करतात आणि जिभेने त्याच्याशी लबाडी करतात, अशी दोन अर्ध्ये शेजारी शेजारी आहेत. तेथे हा शब्द खोट्याच्या अगदी उंबरठ्यावर आला आहे. यवाबाने दावीद राजापाशी अबनेरवर हेरगिरीचा आळ घेतला, तेथेही तो असाच आहे. यहेज्केलाच्या चौदाव्या अध्यायात तर, संदेष्टा भुलला तर त्याला मीच भुलवले, असे देव म्हणतो आणि वर त्याच संदेष्ट्याला शिक्षाही करतो. हे स्थळ कठीण आहे. आम्ही त्याची वकिली करीत नाही.

परंतु राजांच्या पहिल्या ग्रंथातील बाविसावा अध्याय सबंध वाचा. इस्राएलचा राजा अहाब रामोथ-गिलाद घेण्यास निघाला आहे. सुमारे चारशे संदेष्टे एका सुरात ‘जा, जय होईल’ म्हणतात. एकाने तर लोखंडी शिंगे करून आणली आहेत. यहुदाचा राजा यहोशाफाट याला हा एकमुखी कौल पटत नाही. म्हणून मीखायाला बोलावतात. तो आधी थट्टेने तेच म्हणतो आणि राजाने खरे सांगण्याची शपथ घातल्यावर आपण पाहिलेला देखावा सांगतो. सिंहासनावर देव, भोवती स्वर्गातील सेना, आणि प्रश्न असा की अहाबाला कोण भुलवील? एक आत्मा पुढे होतो आणि त्या सर्व संदेष्ट्यांच्या तोंडी असत्याचा आत्मा होईन म्हणतो. देव म्हणतो, तू भुलवशील आणि जिंकशीलही. येथे खोटे आहे यात संशय नाही. पण पुन्हा पाहा. खोट्यासाठी ‘शेकेर’ हा शब्द वेगळा आला आहे. आणि त्याहून मोठे म्हणजे हा सारा बेत मीखाया अहाबाला लढाईपूर्वी, भर दरबारात, तोंडावर सांगतो. ज्याला फसवायचे त्याला आधी उभे करून, हे पाहा तुला असे भुलवले जात आहे, असे सांगणारा कपटी आम्ही तरी पाहिला नाही. अहाबाने काय केले? मीखायाला तुरुंगात घातले, वेष पालटून लढाईत गेला आणि कोणा एकाने सहज सोडलेल्या बाणाने मेला. त्याला गोड तेच ऐकायचे होते.

या कथेवरून परक्या देवावर दगड उचलण्यापूर्वी विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशातील मायामोहाची कथा आठवावी. असुरांना वेदमार्गापासून भुलवून त्यांचे बळ हरावे म्हणून विष्णूने आपल्या शरीरातून मायामोह निर्माण केला. त्या असुरांना तर कोणी आधी सूचनाही दिली नाही. मोहिनीने अमृत कसे वाटले, हेही सर्वांस ठाऊक आहे. या कथांना आमच्या आचार्यांनी अर्थ दिले आहेत आणि ते अर्थ आम्ही मानतो. मग दुसऱ्याच्या आचार्यांना तीच सवड का नसावी?

याच कथेत भाषांतराची एक मौज आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. अहाबाची ही कथा इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथात, अठराव्या अध्यायात, पुन्हा आली आहे. हिब्रूत क्रियापद तेच. पण १६११ च्या इंग्रजी भाषांतरात राजांच्या ग्रंथात त्याचा अर्थ ‘मन वळवणे’ असा आहे आणि इतिहासाच्या ग्रंथात ‘मोह घालणे’ असा. एकच कथा, एकच शब्द, एकच भाषांतर आणि अर्थ दोन. त्याच पुस्तकात होशेयात ‘लोभवणे’, स्तोत्रात ‘खुशामत करणे’ आणि यिर्मयात ‘फसवणे’. आमच्या वक्त्यांच्या चिठ्ठीवर ज्या इंग्रजी शब्दाचा भार होता, त्याच्या समासात त्या भाषांतरकारांनी स्वतःच ‘मोह घातलास’ हा पर्याय छापून ठेवला आहे. समास कोण वाचतो?

आता यिर्मया. अनाथोथ गावच्या याजककुळातला हा मनुष्य. पहिल्याच अध्यायात तो देवाला सांगतो की मी पोर आहे, मला बोलता येत नाही. देव म्हणतो, पोर आहे म्हणू नकोस. लोक तुझ्याशी लढतील पण तुला जिंकणार नाहीत, कारण मी तुझ्याबरोबर आहे. या ‘जिंकणार नाहीत’ कडे वाचकांनी लक्ष द्यावे. नंतरच्या वर्षांत त्याने यरुशलेमच्या देवळाच्या दारात उभे राहून नगराचा नाश सांगितला. कोणाला आवडणार? देवळाचा अधिकारी पशहूर याने त्याला मारवले आणि बन्यामिनाच्या वरच्या वेशीपाशी रात्रभर खोड्यात अडकवून ठेवले. दुसऱ्या दिवशी सुटल्यावर आलेले हे उद्गार आहेत. तू मला भुलवलेस आणि मी भुललो, तू माझ्याहून बळकट ठरलास आणि जिंकलास, असा त्यांचा आशय. शत्रू तुला जिंकणार नाहीत म्हणून ज्याने वचन दिले होते, त्यानेच मला जिंकले! पुढे तो म्हणतो की तुझे नाव काढायचे नाही असे ठरवले तर हाडांत कोंडलेला विस्तव पेटतो, तो आवरणे मला जमत नाही. ‘जिंकणे’ आणि ‘जमणे’ हे हिब्रूत एकच क्रियापद. आणि दहाव्या वचनात त्याचे मित्र म्हणवणारे लोक टपून बसले आहेत की हा कदाचित भुलेल आणि मग आपण त्याला जिंकू. भुलवणे आणि जिंकणे ही तीच जोडी अहाबाच्या कथेतही होती. देवाने जे त्याच्याशी केले तेच हे लोक करू पाहतात. त्याच्या दुःखाचा गाभा हाच की आपल्याला दोन्हीकडून एकाच शब्दाने घेरले आहे.

अब्राहम जोशुआ हेशेल या यहुदी आचार्यांनी संदेष्ट्यांवरील आपल्या १९६२ च्या ग्रंथात या वचनातील दोन क्रियापदांकडे बोट दाखवले. पहिले निर्गमाच्या कायद्यातील भुलवण्याचे, दुसरे अनुवादातील बळजबरीचे. म्हणजे संदेष्टा स्वतःला आधी भुलवलेल्या आणि मग बळाने धरलेल्या कन्येच्या जागी ठेवतो. काही पंडितांना हे फार वाटले. डेव्हिड क्लाइन्स आणि डेव्हिड गन यांनी १९७८ साली असे मांडले की या क्रियापदाचा अर्थ ‘मन वळवण्याचा प्रयत्न करणे’ एवढाच. प्रयत्न यशस्वी झाला की नाही हे हिब्रूत वेगळ्या शब्दाने सांगावे लागते, आणि येथे ‘मी भुललो’ या दुसऱ्या शब्दाने तेच सांगितले आहे. हा व्याकरणाचा मुद्दा आम्ही मान्य करतो. भुललो हे यिर्मयाने स्वतः म्हटले आहे, आपला वाटा त्याने नाकारला नाही. पण म्हणून केवळ ‘मन वळवलेस’ म्हणून भागत नाही. मार्टिन लूथरनेही जर्मनीत असेच ‘समजावून पटवलेस’ अशा थाटाचे भाषांतर केले. रात्रभर खोड्यात पाय अडकलेला माणूस सकाळी उठून, तू मला पटवून दिलेस आणि मला पटले, असे म्हणतो काय? ज्यांना आपल्या देवाची अब्रू सांभाळायची असते ते शब्द मऊ करतात, आणि ज्यांना दुसऱ्याच्या देवाची अब्रू काढायची असते ते तो कडू करतात. ग्रीक भाषांतरकारांनी ‘फसवणे’ घेतले, लॅटिनकारांनी ‘वाममार्गाला लावणे’ घेतले. मधला शब्द त्यांच्यापाशी नव्हता.

तो आमच्यापाशी आहे, आणि याच मासिकाच्या दोन्ही भाषांत आहे. मराठीत ‘भुलवणे’. त्यात आई मुलाला भुलवते ते येते, चकवा वाटसरूला भुलवतो ते येते, गोपींना मुरलीने भुलवले ते येते आणि ठकाने विधवेला भुलवून तिचे दागिने लांबवले तेही येते. बरे की वाईट, हे शब्द सांगत नाही, कथा सांगते. हिब्रू ‘पित्ता’ ची नेमकी हीच तऱ्हा. कोंकणीत तर भेद अधिक स्वच्छ आहे. ‘फट’ म्हणजे खोटे, म्हणून ‘फटोवप’ म्हणजे फसवणे. ‘भुलोवप’ निराळे. यिर्मयाचे हे वचन कोणी कोंकणीत ‘फटोवप’ ने आणील तर तो मुळात नसलेली ‘फट’ देवाच्या पदरी बांधील.

हे सर्व आम्ही त्या वयोवृद्ध महाजनांना पुढे त्यांच्या घरी बसून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “म्हणजे हे आमच्या नामदेवाचे विठोबाशी भांडण आहे, तेच झाले. आमचा भक्त देवाला ठक म्हणतो तेव्हा आम्ही मान डोलावतो, आणि त्यांचा म्हणतो तेव्हा टाळ्या पिटतो. चूक आमची.” त्यांच्या प्रांजळपणापुढे आम्हांस बोलवेना. तरीही एक फरक आम्ही त्यांच्या ध्यानात आणून दिला. नामदेवाच्या कथेत विठोबा बोलतो, जेवतो, समजूत घालतो. यिर्मयाच्या त्या विसाव्या अध्यायात देव उत्तर देत नाही. मध्ये दोन-तीन वचनांत स्तुतीचा सूर उमटतो. मग तो ज्या दिवशी जन्मलो त्या दिवसाला शाप देतो, कष्ट आणि दुःख पाहण्यासाठी आपण आईच्या पोटातून बाहेर का आलो असे विचारतो, आणि अध्याय तेथेच संपतो.